आधी फडकं, मग पाना

सिंकखालच्या कपाटात ओल दिसली की घरातलं कुणीतरी पाना शोधून आणतं आणि समोर दिसेल तो नट जोर लावून आवळतं. कधी गळती थांबते, पुष्कळदा वाढते, आणि कधी नटच तडकतो. मग रविवारचा प्लंबर मिळत नाही, खालच्या घराच्या छताला डाग पडतो आणि सोसायटीत बोलणी खावी लागतात. हे सगळं टाळता येतं. सिंकखालचा कॉक नीट करणं हे घरच्या माणसाला जमण्यासारखं काम आहे, पण त्यात पान्याची पाळी बरीच उशिरा येते. पाणी नेमकं कुठून येतंय हे आधी ठरवावं लागतं, आणि माझ्या मते या दुरुस्तीतलं खरं कौशल्य तेवढंच आहे. ते एकदा ठरलं की पुढचं काम पंधरा-वीस मिनिटांचं.

भिंतीतून बाहेर आलेला, काटकोनात वळलेला, क्रोमचा चकाकता मुलामा असलेला तो छोटा कॉक म्हणजे अँगल कॉक. पाणी भिंतीतून त्यात आडवं शिरतं, आत वर किंवा खाली वळतं आणि कनेक्शन पाइपमधून ओट्यावरच्या नळाला जातं. मूठ आपल्याकडे तोंड करून असते. त्याचं काम एकच: वरचा नळ बदलायचा किंवा उघडायचा झाला तर घराचं पाणी न तोडता तेवढीच एक वाट बंद करणं. वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावत नाही, आणि त्याचा त्रास सुरू होतो तो नेमका याच दुर्लक्षातून.

बाहेर पाणी येईल अशा जागा या कॉकला मोजक्याच आहेत. एक, भिंतीशी जिथे तो आट्यांनी बसवलेला असतो ती. दुसरी, मुठीमागचा दांडा जिथून बाहेर येतो ती. तिसरी, कनेक्शन पाइपचा नट. आणि क्वचित कॉकचं अंगच चिरलेलं असतं. प्रत्येक जागेचा इलाज वेगळा आहे आणि एकीचा इलाज दुसरीवर केला तर नुकसान होतं. म्हणून शोध महत्त्वाचा.

कपाट पूर्ण रिकामं करा. टॉर्च घ्या. जुन्या सुती फडक्याने कॉक, नट, पाइप, मागची भिंत, सिंकचं बूड, सगळं खडखडीत कोरडं करा. आता वरचा नळ बंद ठेवून थोडा वेळ थांबा. नळ बंद असतानाही ओल येत असेल तर गळती दाबाच्या बाजूला आहे, म्हणजे कॉक, कनेक्शन पाइप किंवा पाइप नळाला जिथे वर जोडलाय तो सांधा. भांडी घासतानाच ओल येत असेल तर कॉक निर्दोष आहे. सांडपाण्याच्या पाइपचा नट, सिंकच्या जाळीखालचं रबर किंवा सिंक आणि ओटा यांच्यामधली फट तपासा. कितीतरी चांगले कॉक या एका प्रश्नाअभावी बदलले जातात.

थेंब जिथे लोंबकळताना दिसतो तिथे गळती असतेच असं नाही. पाणी पाइपच्या अंगाने ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं. म्हणून तपास वरून खाली करायचा. टिश्यू पेपरची किंवा वर्तमानपत्राची अरुंद पट्टी एकेका सांध्याभोवती धरायची: आधी नळाच्या बुडाशी, मग पाइपच्या वरच्या नटाला, मग खालच्या नटाला, मग दांड्याशी, शेवटी भिंतीपाशी. वरून येताना जी पट्टी पहिल्यांदा भिजते तिथे चोर आहे. बोटाने ओल कळते, पण बोटं आधीच ओली असतात. कागद खोटं बोलत नाही.

डागही बरंच सांगतात. सांध्यावर पांढरी खरबरीत खपली असेल तर ते चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं, साचणं आहे. जड पाणी तिथून बारीक झिरपत होतं, पाणी वाळत गेलं आणि क्षार मागे राहिले. अशी खपली म्हणजे गळती आजची नाही, काही महिन्यांची तरी आहे. हिरवट डाग पितळेतल्या तांब्याचा. लालसर तांबूस ओघळ गंजाचा. भिंतीतला पाइप जुना लोखंडी, म्हणजे जीआय असल्याची ती खूण आहे, आणि तिच्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे. मुंबई शहराला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी येतं, ते मऊ असतं, त्यामुळे तिथे खपल्या कमी दिसतात. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत मात्र कॉकची मूठसुद्धा दोन-चार वर्षांत चुन्याने धरून बसते.

आता पान्याच्या जोराबद्दल. हा हिशेब एकदा समजला की माणूस आयुष्यभर नट हलक्या हाताने आवळतो. पाण्याची उंची १० मीटर असली की दाब साधारण दर चौरस सेंटिमीटरला १ किलो होतो. सहा-सात मजली इमारतीत गच्चीवरची टाकी तळमजल्यापासून २० मीटर उंच धरू. म्हणजे तळमजल्याच्या घरात दाब २ किलो. कॉकचं तोंड १५ मिलिमीटरचं, त्याचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे नटाला थोपवायचं असतं ते जेमतेम साडेतीन किलो वजनाएवढं पाणी. आणि आपण काय करतो? २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याला १० किलोचा हिसका देतो. पान्याचं टोक एका फेऱ्यात सव्वाशे सेंटिमीटर फिरतं, तर नट पुढे सरकतो दोन मिलिमीटरहूनही कमी. हा जवळपास ७०० पटीचा फायदा आहे. त्यातला नऊ-दशांश घर्षणात गेला असं धरलं तरी रबरावर ७०० किलोचा दाब पडतो. साडेतीन किलोसाठी सातशे किलो! रबर चेचून बाहेर येतं, प्लॅस्टिकचा नट उभा फाटतो, पितळेचे आटे झिजतात. ज्या सांध्यात रबरी वायसर आहे तो हाताने घट्ट करून वर पान्याने पाव फेरा दिला की पुरे. पाणी थांबवायचं काम रबराचं आहे, जोराचं नाही.

कामाला हात घालण्याआधी पाणी बंद करायचं. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीत वरच्या बाजूला एक कन्सील कॉक असतो. नसेल तर डक्टमध्ये किंवा गच्चीवर टाकीजवळ त्या घराचा व्हॉल्व्ह असतो. जुन्या घरांत माळ्यावर टाकी असते, तिच्या बुडाशी कॉक असतो. गच्चीवरचे चाकाचे गेट व्हॉल्व्ह जुने झाले की पूर्ण बंद होत नाहीत, बारीक धार चालूच राहते. वायसर बदलण्यापुरतं ते चालतं, बादली धरायची; पण भिंतीचा सांधा उघडायचा असेल तर धार चालू ठेवून काम काढू नये. पाणी बंद केल्यावर ओट्यावरचा नळ उघडा ठेवून पाइपमधलं पाणी जाऊ द्या. सिंकखाली शुद्धीकरण यंत्राचा प्लग असेल तर तो काढा, आणि घरभराचं पाणी तोडणार असाल तर गीझरचं बटण बंद करा. ओल्या कपाटात विजेची तार हा या सगळ्या कामातला एकमेव जिवावरचा धोका आहे.

सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात सोपी गळती कनेक्शन पाइपच्या नटाशी असते. नटाच्या आत एक काळं रबरी वायसर असतं. ते काळाने कडक होतं, त्याला कॉकच्या तोंडाचा वळ पडतो, आणि मग कितीही आवळलं तरी पाणी त्या वळातून वाट काढतं. नट सोडवा, जुनं वायसर टाचणीने उचकटून काढा, आतली बैठक फडक्याने पुसा, नवं बसवा. या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळायची सवय पुष्कळांना आहे. तिचा इथे उपयोग नाही, कारण इथे पाणी आट्यांवर थांबत नाही, वायसरवर थांबतं. उलट टेपमुळे नट पूर्ण चढत नाही आणि वायसर दाबलंच जात नाही.

वायसर बदलून भागणार नाही अशीही वेळ येते. स्टीलच्या जाळीचा पाइप बाहेरून भक्कम दिसतो, पण पाणी वाहतं ते आतल्या रबरी किंवा प्लॅस्टिकच्या नळीतून. जाळी फक्त तिला फुगू देत नाही. जाळीची एकही तार तुटलेली दिसली, टोकाच्या कडीशी गंजाचे ठिपके दिसले, तर तो पाइप त्याच दिवशी बदला. आणि एक गोष्ट मला इथे आग्रहाने सांगायची आहे. आपल्याकडे फरशी धुवायचं ॲसिड आणि संडास साफ करायचं द्रावण नेमकं सिंकखालच्या कपाटात ठेवतात. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड बाटलीच्या झाकणातूनही बारीक बारीक उडत राहतं, बंद कपाटात कोंडतं आणि स्टेनलेस स्टीलची जाळी खातं. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं, हा समज क्लोराइडपुढे टिकत नाही. रात्री घरात कुणी जागं नसताना पाइप फुटून स्वयंपाकघरात तळं होतं त्यामागे पुष्कळदा अशी कुरतडलेली जाळी असते. ॲसिडची बाटली आजच तिथून हलवा. हे करायला प्लंबर लागत नाही.

दुसरी गळती दांड्याची. तिचा इतिहास जवळपास ठरलेला असतो: कॉक वर्षानुवर्षं उघडा होता, कुठल्याशा कामासाठी कुणीतरी तो बंद करून पुन्हा उघडला आणि त्या दिवसापासून मुठीखालून थेंब येऊ लागला. दांड्याभोवती आत पॅकिंग भरलेलं असतं, त्याला प्लंबर ग्लँड म्हणतात. दांडा इतकी वर्षं एकाच जागी राहिल्याने पॅकिंग वाळून त्याच आकारात बसतं, आणि दांड्यावर चुन्याचा थर चढतो. मूठ फिरवली की तो खरबरीत थर पॅकिंगला ओरबाडून जातो.

ही दुरुस्ती मला स्वतःला फार आवडते, कारण तिच्यात हाताला प्रत्येक गोष्ट जाणवते. मुठीवरची लाल किंवा निळी टिकली नखाने किंवा चाकूच्या टोकाने उचकटा, आतला स्क्रू काढा, मूठ ओढून घ्या. आता दांडा आणि त्याभोवतीचा छोटा षट्कोनी ग्लँड नट उघडा दिसतो. एका पान्याने कॉकचं अंग पकडून ठेवा, दुसऱ्याने ग्लँड नट एक-अष्टमांश फेरा आवळा. दोन पाने हवेतच. एकाच पान्याने नट फिरवला तर नटाबरोबर अख्खा कॉक भिंतीत फिरतो आणि धड असलेला भिंतीचा सांधा सैल होतो. एका गळतीच्या दोन होतात. आवळल्यावर पुसा, कागद लावा, थांबा. कोरडा राहिला तर मूठ बसवून फिरवून पाहा. दांडा किंचित जड पण सलग फिरला पाहिजे. जड होऊन अडकायला लागला तर जास्त आवळलंय. एवढ्याने भागलं नाही तर पाणी बंद करून ग्लँड नट पूर्ण काढायचा, जुनं कुजलेलं पॅकिंग सुईने खरवडायचं, आणि ग्लँडचा दोरा किंवा टेफ्लॉन टेपला पीळ देऊन केलेली दोरी दांड्याभोवती घड्याळाच्या दिशेने तीन-चार वेढे गुंडाळून खोबणीत दाबायची. नट पुन्हा चढवताना ती खाली बसते आणि दांड्याला चारही बाजूंनी मिठी मारते.

ही ग्लँडची रचना जुन्या पद्धतीच्या कॉकची. आत दांडा स्क्रूसारखा खाली उतरतो आणि टोकाचं रबरी वायसर पितळी बैठकीवर दाबतो. पाणी असं हळूहळू दाबून थांबवणाऱ्या नळाचं पेटंट १८४५ साली इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळकाम करणाऱ्या कारखान्याने घेतलं. त्याआधीच्या नळांत भोक पाडलेली खुंटी फिरायची; वाढत्या दाबापुढे ती टिकत नसे आणि झटक्यात बंद झाली की पाइपला हादरा बसायचा. पावणेदोनशे वर्षांनंतरही महाराष्ट्रातल्या लाखो घरांत तीच रचना चालू आहे, कारण तिचा झिजणारा भाग काही रुपयांत मिळतो आणि कुणालाही बदलता येतो.

अलीकडच्या अर्ध्या किंवा पाव फेऱ्याच्या कॉकमध्ये वायसर नसतं. आत ॲल्युमिनाच्या दोन सपाट चकत्या एकमेकींवर सरकतात. माणिक आणि नीलम ज्या द्रव्याचे असतात त्याच द्रव्याच्या या चकत्या. कडकपणाच्या १० पायऱ्यांपैकी नवव्या पायरीवरच्या, त्यामुळे त्या सहसा झिजत नाहीत. पण टाकीतली रेती किंवा चुन्याचा कण दोघींच्या मध्ये अडकला की कॉक पूर्ण बंद होत नाही. अशा वेळी पाणी तोडून आतली कार्ट्रिज, म्हणजे या चकत्या बसवलेला भाग, बाहेर काढायची, धुवायची, चुना धरला असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात काही तास बुडवायची, आणि तिच्या बुडाचं रबरी कडं बदलून पुन्हा बसवायची. खरवडायला चाकू लावू नका. मूठ बंद दिशेने दाबून घट्ट करण्यानेही काही होत नाही. जुन्या कॉकची ती सवय इथे कार्ट्रिजच मोडते.

उरला भिंतीचा सांधा. हा सगळ्यात कठीण, आणि इथे घरच्या माणसाने आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: भिंतीत काय आहे? घर जुनं असेल, पाइप जीआय असेल आणि तांबूस ओघळ दिसत असतील, तर थांबा आणि प्लंबर बोलवा. गंजलेल्या पाइपमध्ये रुतलेला कॉक उलटा फिरवताना आतलं निपल, म्हणजे आटे पाडलेला पाइपचा छोटा तुकडा, मोडतं, मग टाइल फोडण्याशिवाय गत्यंतर नसतं. त्या कामाला पाइप पाना, मोडलेले आटे काढायचं अवजार आणि मुख्य म्हणजे अनुभव लागतो. पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकचा असेल आणि भिंतीतल्या फिटिंगला पितळी आटे असतील तर मात्र सावकाश काम करता येतं.

पाणी पूर्ण बंद केल्यावर कनेक्शन पाइप सोडा, कॉकवर फडकं गुंडाळून पान्याने तो डावीकडे फिरवत बाहेर काढा. भिंतीतल्या आट्यांमधला जुना टेपचा आणि सुतळीचा भुगा दाभणाने काढा, आटे जुन्या टूथब्रशने घासा. एकदा टेप न लावता कॉक हाताने फिरवून पाहा: किती फेरे जातो आणि थांबतो तेव्हा त्याचं तोंड कुठे येतं. हे पाहून ठेवणं फार महत्त्वाचं आहे. टाइल जाड असल्यामुळे दोन-तीन आटेच लागत असतील तर मध्ये एक्स्टेंशन निपल घ्या. दोन आट्यांवर सांधा कधीच टिकत नाही.

आता टेप. या आट्यांना अर्ध्या इंचाचे म्हणतात, पण पट्टी लावली तर बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो, कारण अर्धा इंच हे माप मुळात जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीचं होतं. एका इंचात १४ आटे आणि त्यांचा कोन ५५ अंशांचा. ही ठेवण जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली मांडलेल्या पद्धतीतून आली आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे रुजली. अमेरिकेतही या मापाला इंचात १४ आटेच असतात, पण कोन ६० अंशांचा आणि व्यास किंचित जास्त. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकाने हौसेने आणलेला नळ इथे दोन-तीन फेरे व्यवस्थित चढतो, मग अडतो आणि गळतो. त्यावर जोर करू नका. मधला ॲडॉप्टर घ्या. आपल्याकडच्या कॉकचे आटे सरळ असतात, टोकाकडे निमुळते नसतात, म्हणून धातूवर धातू बसून पाणी थांबत नाही. मधली बारीक फट कशाने तरी भरावी लागते. पूर्वी सुतळी आणि सफेदा लावत. जुन्या प्रकारच्या सफेद्यात शिशाचं संयुग असे, तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर टेपच बरी. टेफ्लॉन हे द्रव्य रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला १९३८ साली शीतकरणाच्या वायूवर प्रयोग करताना अनपेक्षितपणे सापडलं. ते कशालाच चिकटत नाही, पण दाबलं की फटीत जाऊन बसतं, आणि आट्यांना इथे तेवढंच हवं असतं.

कॉकचे आटे आपल्याकडे तोंड करून धरा आणि टेप घड्याळाच्या दिशेने, ताणून, आट्यांच्या खाचा टेपखाली उमटतील इतकी घट्ट गुंडाळा. उलट दिशेने गुंडाळली तर कॉक चढवताना ती उसवत जाते. बाजारातली साधी पातळ टेप असेल तर १० ते १५ वेढे लागतात; पहिला आटा थोडा मोकळा ठेवा म्हणजे टेपचा तुकडा आत जाऊन कार्ट्रिजमध्ये अडकणार नाही. कॉक हाताने लावताना तो सरळ शिरतोय ना पाहा. सुरुवातीपासूनच अडत असेल तर आटे तिरके चढलेत, काढून पुन्हा लावा. मग पान्याने सावकाश फिरवा आणि तोंड हव्या दिशेला आलं की थांबा. सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती या क्षणी. तोंड थोडं पुढे गेलं म्हणून कॉक किंचित मागे फिरवला की दाबून बसलेली टेप सुटते आणि सांधा पुन्हा झिरपतो. मागे फिरवायचं नाही. एकतर सहज जात असेल तर पुढचा पूर्ण फेरा घ्या, नाहीतर काढून नवी टेप लावा. प्लॅस्टिकच्या आट्यांत पितळी कॉक बसवत असाल तर पुढच्या फेऱ्याचा मोह टाळा. फिटिंग भिंतीच्या आत तडकलं तर ते दिसतही नाही, थेट शेजाऱ्यांच्या भिंतीला ओल येते.

बाहेरून एपॉक्सीची लांबी थापून गळती बुजवायचा प्रयत्न मात्र कुणी करू नये. पाणी दाबाखाली आहे, ओल्या धातूवर लांबी नीट धरत नाही, आणि वाळल्यावर ती पुढच्या खऱ्या दुरुस्तीची वाट बंद करते. कॉकच्या अंगाला बारीक चीर असेल, किंवा पितळ जागोजाग गुलाबी-लालसर आणि भुसभुशीत झालं असेल, तर दुरुस्ती नाहीच. पितळेतलं जस्त पाण्यात निघून गेलं की तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. तो कधीही मोडू शकतो. नवा कॉक घेताना जुना बरोबर न्या, म्हणजे दुकानदाराच्या ‘अर्धा की पाऊण?’ या प्रश्नाला उत्तर तयार असतं. आयएसआय चिन्ह बघा आणि कॉक हातात तोलून पाहा. पितळेचा कॉक जड लागतो. हलका वाटला तर मुलाम्याखाली भलतंच काही असतं.

काम झाल्यावर पाणी एकदम सोडू नका. मुख्य कॉक थोडा उघडा, पाइपमधली हवा ओट्यावरच्या नळातून फुसफुसत निघून जाऊ द्या, मग पूर्ण उघडा. सगळं पुन्हा कोरडं पुसा, प्रत्येक सांध्याला कागद लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लावा, कारण रात्री पाणी कमी वापरलं जातं आणि सांध्यावर टाकीचा पूर्ण दाब तासन्‌तास राहतो. रात्रभर कोरडा राहिलेला सांधा सहसा टिकतो.

एवढ्याशा थेंबासाठी इतका खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर थेंबाखाली औषधाचं मापटं धरून बघा. मिनिटाला १० मिलिलिटर जमलं तर ते दिवसाचं १४ लिटरच्या वर जातं, म्हणजे उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाईचा एक हंडा. आबिद सुरती हे नाव जुन्या वाचकांना ‘ढब्बूजी’ आणि ‘बहादूर’ या चित्रकथांमुळे माहीत असेल. २००७ साली सत्तरी ओलांडलेल्या या लेखक-चित्रकाराने मीरा रोडला ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केलं. दर रविवारी एक प्लंबर आणि एक स्वयंसेवक बरोबर घेऊन ते इमारतींमध्ये दारोदार जात आणि गळणारे नळ फुकट दुरुस्त करून देत. त्या दुरुस्तीत बहुतेक ठिकाणी लागायचं ते काही पैशांचं रबरी वायसर. मला हे काम फार मोठं वाटतं. पाणीटंचाईवर भाषणं पुष्कळ झाली. त्यांनी घरोघरी जाऊन वायसर बदललं.

हे वाचून लगेच हार्डवेअरच्या दुकानात जायची गरज नाही. एक काम मात्र या आठवड्यात कराच. आपल्या घराचं पाणी बंद करणारा मुख्य कॉक कुठे आहे ते शोधा, हलक्या हाताने फिरवून तो चालतो का पाहा, आणि घरातल्या सगळ्यांना, शाळकरी मुलांनाही, दाखवून ठेवा. व्हॉल्व्ह गच्चीवर असेल तर त्यावर ऑइल पेंटने आपला फ्लॅट नंबर लिहा. सिंकखालचे अँगल कॉकही दर तीन-चार महिन्यांनी एकदा बंद करून उघडत जा.